हळू बोला, मोठे साहेब झोपलेत

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. पलंगाखाली धूळ साचते तसे ते साचतात. एक दिवस काहीतरी शोधायला वाकावं, तर हाताला सगळंच लागतं. लोक म्हणतात, जिथे काम कमी आणि माणसं जास्त तिथे किस्से होतात. आमच्याकडे तर मान वर करायला फुरसत नव्हती, तरी इतके झाले की आता सांगतानाही दमायला होतं. पण तुम्ही चहा सांगितलाच आहे, तर ऐका.

नव्वदच्या दशकात मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, कार्टून तपासायचो. बघायचो नाही, तपासायचो. फरक आहे. परदेशातली एक कंपनी मुलांसाठी कार्टून मालिका काढायची आणि त्यातलं हमालीचं काम आमच्या लछूसेठकडे यायचं. तिकडून मुख्य चित्रं यायची. मधली, हालचालीची चित्रं आमची पोरं काढायची. बायका ती पारदर्शक शीटवर रंगवायच्या. आणि मी एकेक शीट उजेडाच्या काचेवर ठेवून चुका शोधायचो. संध्याकाळी बदलापूरला घरी गेलो की बायको म्हणायची, "आता माझ्याकडे तसं बघू नका."

मालिकेचा विषय तर विचारूच नका. तिकडच्या कुठल्याशा जुन्या भयकथा होत्या. माणसाच्या आधीपासून समुद्राच्या तळाशी एक देव झोपलाय. त्याला ढीगभर हात, डोळे नको तिथे. तो जागा झाला की जग संपणार. त्याचा आपल्यावर रागही नाही, कारण आपण त्याच्या खिजगणतीतच नाही. अशा गोष्टी वाचून तिकडे मोठमोठी माणसं म्हणे घाबरून जायची. त्यांचंच कोणीतरी लहान मुलांसाठी विनोदी कार्टून केलं होतं. कोळ्यांच्या एका गावातली चार पोरं दर भागात चुकून त्या देवाची झोपमोड करतात आणि शेवटी अंगाई म्हणून त्याला परत झोपवतात. विश्वात आपल्याला कोणी विचारत नाही, हे आम्हाला परदेशातून कळायची गरज नव्हती. कॅम्पात पाण्याच्या टँकरपुढे हंडा घेऊन उभं राहिलं की तेच कळायचं.

त्या देवाचं खरं नाव कोणाच्याच तोंडात बसेना. आम्ही त्याला 'मोठे साहेब' म्हणायचो. जो सदा झोपलेला असतो, ज्याला उठवायची कोणाची छाती नाही आणि जो उठला की सगळ्यांची वाट लागते, त्याला दुसरं काय म्हणणार?

या मोठ्या साहेबांचे रंग कालवायच्या शोभाताई. अंबरनाथच्या. नवरा एमआयडीसीत केमिकल कंपनीत, पाळीवर. मुलगी प्रज्ञा तेव्हा तिसरीत. एकदा शाळेत बाईंनी सगळ्यांना विचारलं, आईवडील काय करतात? प्रज्ञा उभी राहून म्हणाली, "माझी आई राक्षसाला रंग लावते." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "खोटं बोलू नये." त्या दिवसापासून कोणी विचारलं की पोरगी सांगायची, आई घरीच असते.

हे शोभाताईंनी डबा खाता खाता, हसत हसत सांगितलं. आमच्यापैकी कोणी हसलं नाही.

"एकदा तिला तो हलताना दाखवायचाय," त्या म्हणाल्या. "तिच्या वर्गातल्या पोरांसमोर. एकदाच. मग माझं काही म्हणणं नाही."

अडचण एवढीच होती की आम्ही कोणीच मोठ्या साहेबांना हलताना पाहिलं नव्हतं. रंगवलेल्या शीटा खोक्यात भरून परदेशी जायच्या, फिल्म तिकडे व्हायची, मालिका तिकडेच लागायची. शोभाताई दर शनिवारी सेठच्या दारात जाऊन एकच शब्द बोलायच्या, "टेप?"

सेठ म्हणायचा, "आयेगा ताई, आयेगा."

*

आमच्या खालच्या मजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना होता. दिवसभर मशिनी धडधडत आणि आमची टेबलं थरथरत. पोरांच्या रेघाही थरथरत. मी आधी शीटा परत पाठवायचो. मग कंटाळलो आणि तशाच पास करायला लागलो. एक दिवस फॅक्स आला: तुमच्या कलाकारांच्या रेषेत एक सूक्ष्म भयकंप आहे, तो जपा.

भयकंप! मी दोनदा वाचलं.

पुढे चेटीचंडला, म्हणजे सिंध्यांच्या नव्या वर्षाला, खालचा कारखाना बंद होता. आम्ही मात्र चालू, कारण खोकं जायचं होतं. त्या दिवशीच्या रेघा आल्या दोरीत. महिन्याभराने तिकडून विचारणा आली की या दृश्यांत भीती कमी का पडली?

तेव्हापासून सेठ सणाच्या आधी खाली जाऊन कारखानेवाल्याला हात जोडायचा, "साईं, कपडा मत सिलाओ, सिर्फ मशीन चलाओ."

*

पेठेकाका आमच्याकडे मागची दृश्यं काढायचे: समुद्र, आकाश, बुडालेलं शहर. मुळात ते ड्राफ्ट्समन. अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत त्यांचा जन्म गेला. ती बंद पडली म्हणून इथे आले. पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

साहेबांच्या बुडालेल्या शहराबद्दल कागदावर लिहून आलं होतं: 'इथली भूमिती चुकीची आहे. कोन असे की पाहणाऱ्याला घेरी यावी.' सोबत वेडंवाकडं कच्चं चित्र. काकांनी ते चित्र दुरुस्त केलं! भिंती ओळंब्यात, पायऱ्या सारख्या, दारं काटकोनात. तिकडून कळवलं, 'शहर छान आहे, पण सरकारी वसाहतीसारखं दिसतं.'

"काका, वाकडं काढा," मी म्हटलं.

"हात जात नाही हो."

"कार्टून आहे, काका. कोण राहायला जाणारेय तिथे?"

"आज वाकडं काढलं की उद्या सरळ काढता येत नाही," काका म्हणाले आणि रजा टाकून घरी गेले. मला त्यांचा राग आला होता आणि थोडा हेवाही वाटला होता. मी तर थरथरत्या रेघा पास करून मोकळा झालो होतो.

ते परत आले तेव्हा सेठने त्यांना थेट खिडकीशी नेलं. समोर एक बिल्डिंग होती. खाली जुनी बराक, तिच्यावर चढलेले मजले, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. एक जिना बाहेरून निघून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचा. एक खांब कशालाच टेकलेला नव्हता. सेठ म्हणाला, "काका, ये नापो."

काकांनी ती बिल्डिंग मोजून काढली. पट्टी, कोनमापक, सगळं लावून. मला म्हणाले, "मी वाकडं काढलेलं नाही. आहे ते काढलंय."

तिकडचे लोक खूश. 'मानवी बुद्धीला न झेपणारी रचना! ही कल्पना सुचली कशी?' असा फॅक्स आला. सेठने उत्तर लिहायला मला बसवलं आणि सांगितलं, "लिखो, सर, तीसरे माले पे मेरा साला रहता है."

*

संदेश हा आमच्यातला सगळ्यात चांगला हाताचा पोरगा, कॅम्प दोनमध्ये बापाबरोबर राहायचा. त्याच्याकडे साहेबांच्या भक्तांचं दृश्य आलं. काळे झगे घातलेले दुष्ट भक्त रांगेने बुडालेल्या मंदिरात शिरतात. संदेशने काढलं, शोभाताईंच्या हाताखालच्या बायकांनी रंगवलं, मी तपासलं, खोकं गेलं.

फॅक्स आला: 'दारापाशी भक्तांचे पाय एकदम उघडे का होतात? आणि बाहेर पडलेल्या त्या वस्तू कसल्या?'

मी शीटा काढून बघितल्या. प्रत्येक भक्त उंबऱ्याशी थांबून चपला काढत होता. माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि मला त्यात काही खटकलंच नव्हतं.

"संदेश, कागदावर चपला नव्हत्या."

"मग काय देवळात घालून जातील, भाऊ?"

"अरे, तो दुष्ट देव आहे."

"असला तरी."

पुढचं दृश्य आणखी वरचढ. साहेब कूस बदलतात, मंदिर हादरतं, सगळे भक्त जीव घेऊन पळतात. संदेशने त्यातला एक माणूस मागे ठेवला होता. तो बिचारा ढिगाऱ्यात आपला जोड शोधतोय. मी म्हटलं, आता नोकरी गेली, त्याचीही आणि माझीही. कॅम्प दोनच्या बाजारात दुसरं काय मिळेल याचा मी मनात हिशेबही सुरू केला.

दुसरा फॅक्स आला: 'चपला राहू द्या. चपला न सापडणाऱ्या माणसाला पुढच्या प्रत्येक भागात घ्या.'

*

सेठची आई, अम्मा, दुपारी कोकी घेऊन यायची. कांदा घातलेली ती जाड सिंधी पोळी खाल्ली की दोन तास कोणाला चूक दिसायची नाही. एकदा तिने सेठच्या खुर्चीमागे लावलेलं मोठ्या साहेबांचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "ये पानी का देवता है?"

सेठ फोनवर होता. म्हणाला, "हां अम्मा, पानी में रहता है."

सिंध्यांचा देवही पाण्यातलाच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी साहेबांना हार! तिसऱ्या दिवशी उदबत्ती. मग तो रोजचाच शिरस्ता झाला. अम्मा शोभाताईंनाही म्हणाली, तू पण हात जोड. शोभाताई म्हणाल्या, "अम्मा, आम्ही देव मानत नाही. मी नुसती रंगवते."

"तो क्या हुआ," अम्मा म्हणाली, "कपड़े तो इसको तू ही पहनाती है."

अशातच तिकडचा सुपरवायझर काम बघायला आला. मार्टिन नावाचा, उंच, पाणी आपलंच पिणारा. दारातून आत आला आणि जागीच थिजला. ज्याला उठवलं की जग संपतं त्या राक्षसाला झेंडूचा हार, पुढे निरांजन, एक म्हातारी पुटपुटतेय आणि मागे बायका खाली मान घालून त्याचेच हात रंगवताहेत. बिचाऱ्याने उभ्या आयुष्यात असल्या भक्तांची कार्टून काढली होती. खरे कधी पाहिले नव्हते. हळूच त्याने सेठला इंग्रजीत विचारलं, ही बाई याच्याकडे काय मागते?

सेठने अम्माला विचारलं. अम्माने सांगितलं. सेठने जसंच्या तसं इंग्रजीत केलं, "सर, ती म्हणते, हा उठू नये. उठला तर मालिका संपेल, मग ही सगळी माणसं कुठे जातील?"

मार्टिन जायला निघाला तेव्हा शोभाताईंनी त्यालाही विचारून घेतलं, "टेप?" तो 'येस, येस' म्हणाला. त्याला काय कळलं, कोण जाणे.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण चहा अजून आलेला नाही.

गोष्टीचा नियम असा की जो मोठ्या साहेबांना बघतो त्याचं भान जातं. एका भागात त्या चार पोरांपैकी एकाचा बाप साहेबांना बघतो. कागदावर लिहिलेलं: 'बापाला वेड लागतं. विनोदी पद्धतीने.' ते दृश्य संदेशकडे गेलं.

त्याने काढलेला बाप घरी येतो, खुर्चीत बसतो आणि छताच्या पंख्याकडे बघत राहतो. पंखा फिरतो, बाप बघतो. दुसरं काही नाही.

फॅक्स आला: 'बापाने किंचाळायला हवं. डोळे गरगर फिरायला हवेत.'

मी संदेशच्या टेबलाशी गेलो. "बदलावं लागेल रे."

"भाऊ, माझ्या बापाची कंपनी बंद झाली ना, तो नाही किंचाळला," संदेश शीटवरून नजर न काढता म्हणाला. "पंख्याकडेच बघत होता. वर्षभर."

मग त्याने रबर घेतलं आणि गरगरणारे डोळे काढले. फार सुरेख काढले. मी ते पास केले आणि जुन्या शीटा फेकायच्या त्या माझ्या खणात ठेवल्या. का ठेवल्या ते मला सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी मला इतका शीण आला होता की रिक्षा थांबवायला हातही उचलवेना.

*

अम्माच्या प्रार्थनेला शेवटी यश आलं नाही. तिकडून कळवलं की हा शेवटचा हंगाम, यापुढच्या मालिकांचे रंग कॉम्प्युटरवर भरणार आणि शेवटच्या भागात मोठे साहेब खरंच उठणार. सेठने आमचा हॉल खालच्या जीन्सवाल्याला द्यायचं ठरवलं. आमच्या हातात उरली फक्त परत आलेल्या दृश्यांची डागडुजी.

त्या डागडुजीसाठी टेप आली. शेवटच्या भागाची, इतक्या वर्षांत पहिलीच. शनिवारी दुपारी खोकं उघडलं तेव्हा शोभाताई सेठच्या दारात नेहमीप्रमाणे उभ्याच होत्या. सेठने टेप त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "सोमवार सुबह वापस, ताई. इज्जत का सवाल है."

रविवारी अंबरनाथला त्यांच्या वस्तीतल्या विहारात, वंदना झाल्यावर, भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर लावला. मी, पेठेकाका आणि संदेश मागे भिंतीला टेकून बसलो. वस्तीतली झाडून सगळी पोरं सतरंजीवर. प्रज्ञाच्या वर्गातली पोरंही होती, शोभाताईंनी घरोघर जाऊन बोलावलेली. प्रज्ञा मात्र पुढे बसली नव्हती. खांबाच्या आड होती.

टेप लागली. चित्र आलं, आवाज आला. रंग आला नाही.

आधी आम्हाला वाटलं वायर सैल आहे. व्हीसीआरवाल्याने हलवून पाहिली, टीव्हीला थापटून पाहिलं. मग म्हणाला, "टेप बाहेरची आहे. तिकडची सिस्टिम वेगळी, आपली वेगळी. ही इथे काळी-पांढरीच दिसणार." आम्ही इतकी वर्षं त्या धंद्यात, पण टेप कधी पाहिलीच नव्हती, तर हे ठाऊक कसं असणार? पेठेकाकांची बिल्डिंग दिसत होती, संदेशचा चपला शोधणारा माणूस दिसत होता. पोरं हसतही होती. शोभाताईंचं मात्र त्यात काहीच नव्हतं. सगळं राखाडी.

पुढे बसलेला एक पोरगा मागे वळून म्हणाला, "काय गं प्रज्ञा, तुझी आई रंग लावते ना? कुठाय रंग?"

प्रज्ञा खाली बघायला लागली. मला वाटलं उठावं आणि तो टीव्ही बंद करावा.

शोभाताई उठल्या आणि टीव्हीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला. "हा समुद्र शेवाळी," त्या म्हणाल्या. "वर थोडा निळा. आता हा पोरगा आला ना, याचा शर्ट शेंदरी. ही होडी विटकरी, खाली काळपट." एकेक दृश्य येत होतं आणि त्या न अडखळता सांगत होत्या. पोरांना गंमत वाटायला लागली. "मावशी, हा दगड?" "तपकिरी." "मावशी, आभाळ?" "जांभळं. वादळाचं."

मग मोठे साहेब उठायला लागले. मी त्यांना पहिल्यांदाच हलताना पाहत होतो. इतकी वर्षं काचेवर सुटे सुटे पाहिलेले ते हात एकदम पडदाभर सरकले आणि खरं सांगतो, मला चूक शोधायचं भान राहिलं नाही.

"मावशी, हा कुठला रंग?"

शोभाताई थांबल्या. या दृश्यासाठी कागदावर लिहून आलं होतं: 'पृथ्वीवर नसलेला रंग.' रंगांच्या तक्त्यात त्याला नंबर नव्हता. त्यांनी तो कालवला तेव्हा आम्ही सगळे डब्याभोवती उभे होतो आणि कोणालाही त्याला नाव देता आलं नव्हतं. त्याच दृश्याची डागडुजी चालू असल्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत त्या तोच कालवत होत्या.

"याला नाव नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं? दिसतो कसा?" तो मघाचाच पोरगा.

शोभाताईंनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि बोटं पुढे केली. नखांच्या कडांतून तो रंग अजून निघालेला नव्हता.

तो पोरगा गुडघ्यांवर पुढे सरकला. वाकून बघितलं आणि बघतच राहिला. मग दुसरा गेला. मग एक मुलगी. मग सतरंजीवरची सगळीच उठली आणि शोभाताई दिसेनाशा झाल्या. मागे टीव्हीवर मोठे साहेब उभे राहिले होते, शहर कोसळत होतं, जग बुडत होतं, आणि तिकडे बघणारं एकही पोर नव्हतं.

खांबाआडून प्रज्ञा कधी निघाली ते मला दिसलं नाही. गर्दीच्या मधोमध ती आईचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगत होती, "ढकलू नका. एकेकाने बघा."